मास्तर, कुट्टीच्या चाकांबद्दल

मास्तर, पुस्तिकेची छपाई मी थांबवली आहे. परवा सकाळी ओखल्याच्या छापखान्यात स्वतः जाऊन उभी राहिले आणि म्हटलं, "भैया, मशीन पे मत चढ़ाना, एक चॅप्टर बाकी है." संध्याकाळी तुमच्या श्रीकांतचा फोन आला. चिडला होता. "आत्या, यार, रविवारी शोकसभा आहे, लोकांच्या हातात काय देऊ मी? बाबांचा फोटोपण सिलेक्ट केलाय." मी म्हटलं, फोटो राहू दे, पण सहावं प्रकरण जायचंय. तो म्हणाला, "म्हणजे तेच ना, जे नको नको म्हणून तूच भांडत होतीस?" हो, म्हटलं, तेच.

तुम्ही गेल्याला आज सोळा दिवस झाले. त्या सहाव्या प्रकरणासाठी तुम्ही माझ्याशी भांडलात, तेव्हा तुम्हाला वाटेल, आली शेवटी कुंदी ताळ्यावर. पण थांबा. मला जे छापायचंय ते तुम्ही सांगितलेलं नाही. आधी सगळं ऐकून घ्या, मध्ये बोलू नका. मध्ये बोलायची तुम्हाला फार खोड. आज पहिल्यांदाच मी बोलतेय आणि तुम्ही गप्प आहात, आणि मला ते अजिबात आवडत नाहीये.

दोन वर्षांपूर्वी तुमचा फोन आला तेव्हा मी मयूर विहारच्या बाल्कनीत कपडे वाळत घालत होते. "कुंदे, आपल्या फाउंड्रीच्या शेडवर पार्सलवाल्यांचा बोर्ड लागलाय," तुम्ही म्हणालात. "आत पट्टे फिरत्यात आन् पोरं मोबाइलची खोकी फेकत्यात. हितं नांगराचे फाळ वतले जायचे, हे कुणाला ठावंबी न्हाई. लिहायला घे." पन्नास वर्षं फरिदाबादेत काढली, पण तुमची सांगलीकडची बोली काही हलली नाही. मी म्हटलं, मी कसली लिहिते मास्तर, मी ट्रेसर. दुसऱ्यानं काढलेलं गिरवणारी. "मग गिरव की," तुम्ही म्हणालात. "मी बोलतो, तू गिरव."

मग दर मंगळवारी माझी वारी नव्हे, ड्यूटीच लागली. ब्लू लाइननं मंडी हाउस, तिथून व्हायलेट लाइननं फरिदाबाद. काकू मेथीचे पराठे आणि लसणीची चटणी पुढ्यात ठेवायच्या आणि स्वतः आतल्या खोलीत जायच्या, कारण पुढचे दोन तास आपण भांडणार हे त्यांना ठाऊक असायचं. तुम्ही मराठीत बोलायचात, मी हिंदीत उतरवायची, कारण वाचणारे सगळे तिकडचेच. मालक लालाजी फाळणीत पंजाबातून आले, तंबूत राहिले, मग पत्र्याची शेड टाकून त्यांनी बिडाच्या ओतकामाची पहिली भट्टी लावली, इथवर आपलं एकमत होतं. पुढे ओळीओळीला ठिणगी. तुम्हाला प्रत्येक भागाचं वजन हवं होतं. "फाळ, रहाटाचं चाक, कुट्टीचं चाक, थ्रेशरचं धूड, समद्यांची वजनं लिही." मी म्हणायची, पुस्तिका आहे का भंगाराची यादी? मला विश्वकर्मापूजेची गोष्ट हवी होती. पुरबिये, म्हणजे यूपी-बिहारकडचे, म्हणायचे पूजा सप्टेंबरात, हरियाणवी आणि पंजाबी म्हणायचे दिवाळीच्या दुसऱ्या दिवशी. शेवटी लालाजी वैतागून दोन्ही दिवशी भट्टी थंड ठेवायचे. आणि सुतार मास्तर दोन्हीकडचे लाडू हाणायचे. हे वाक्य तुम्ही तीनदा खोडायला लावलंत. मी तीनही वेळा पुन्हा घातलं.

ट्यूबवेल आले तशी रहाटाची चाकं गेली. ट्रॅक्टर आले तसे फाळ गेले. मग आपण ट्रॅक्टरचेच भाग ओतायला लागलो, तर मोठ्या कंपन्यांनी स्वतःच्या फाउंड्र्या काढल्या. एवढी गोष्ट दीड पानात संपली. तुम्ही ती ऐकून म्हणालात, "इतकंच व्हय?" त्या दिवशी आपण भांडलो नाही.

माझा पहिला दिवस तुम्ही प्रत्येकाला रंगवून सांगायचात, म्हणून तो मी पुस्तिकेत घेतला नाही. पण इथे सांगते. मी एकोणीस वर्षांची, आर. के. पुरमच्या सरकारी क्वार्टरमधून आलेली, वडील मंत्रालयात कारकून, आई म्हणत होती, मुलीच्या जातीनं लोखंडाच्या भट्टीत कशाला जायचं. तुम्ही पॅटर्न शॉपचे मास्तर. आडनावानं सुतार आणि कामानंही सुतार. जो भाग लोखंडात ओतायचा, त्याचा आधी लाकडी नमुना करायचा, हे तुमचं काम. तुम्ही माझ्यापुढे दोन फूटपट्ट्या ठेवल्यात. दोन्ही बारा इंची. शेजारी लावल्यावर एक दुसरीपेक्षा जराशी लांब निघाली. "खोटी कंची?" तुम्ही विचारलंत. मी लांब पट्टीकडे बोट दाखवलं. "दोन्हीबी खऱ्या," तुम्ही म्हणालात.

मग समजावून सांगितलंत. तापलेलं बीड थंड होताना आक्रसतं. म्हणून लाकडी नमुना तेवढा मोठा करायचा, आणि दर वेळी हिशोब नको म्हणून सुताराची पट्टीच लांबट. लाकूड मोजायचं तर लांब पट्टी, ओतलेलं लोखंड मोजायचं तर साधी. "येवढं टकुऱ्यात बसलं की निम्मी फाउंड्री आली म्हनून समज." माझ्या टकुऱ्यात ते त्याच दिवशी बसलं. मला माहीत नव्हतं, असं मी कधीच म्हणू शकत नाही.

आता कुट्टीच्या चाकांची गोष्ट. आधी तुम्ही सांगायचात तशीच सांगते.

कडबाकुट्टीचं ते मोठं चाक, ज्याला दोन पाती बोल्टनं बसतात. त्याच्या जुन्या लाकडी नमुन्याला वाळवी लागली होती. ड्रॉइंग नव्हतंच, लालाजींच्या पहिल्या सुतारानं नजरेनं केलेला तो नमुना. तुम्ही बहिणीच्या लग्नाला सांगलीला निघाला होतात. जाताना मला म्हणालात, जुना नमुना मोजून कागद करून ठेव, आलो की नवा करतो. मी मोजला. साध्या पट्टीनं, इंच न् इंच. तुम्ही आलात, घाई होती, प्रिंट काढायलाही वेळ नव्हता, माझा पेन्सिलीचा कागदच घेऊन गेलात. कागदावर नेहमी ओतलेल्या भागाचीच मापं असतात, त्या सवयीनं लांब पट्टी उचललीत आणि नवा नमुना केलात. पण कागदावरची मापं मुळातच लाकडाची, आधीच वाढवलेली. ती दुसऱ्यांदा वाढली. चाळीस चाकं ओतली गेली, आणि एकालाही पाती बसेनात. भोकं पुढेमागे. घण घालून सगळी फोडली. तो आवाज ड्रॉइंग ऑफिसात दिवसभर येत होता.

चाक फुगलं की फाउंड्रीत पहिला संशय मोल्डरवर जातो. साच्याची माती सैल ठोकली की लोखंडाच्या वजनानं ती मागे सरते आणि ओतलेला भाग मोठा होतो. त्या चाकांचे साचे बनवारीनं ठोकले होते. वर्क्स मॅनेजर म्हणाले, "मिट्टी ढीली ठोकी है," आणि दुसऱ्याच दिवशी त्याला काढलं. तुम्ही माझ्याकडून कागद मागून घेतलात. कोपऱ्यात टीप होती, 'मापे लाकडी नमुन्याची', म्हणजे साधी पट्टीच वापरा. तुम्ही ती वाचलीत आणि चूक तुमची हे तुम्हाला कळलं. घरात दोन लहान पोरं, कंपनीचं क्वार्टर. तीन दिवस तुम्ही गप्प बसलात. चौथ्या दिवशी मॅनेजरांना जाऊन सांगितलंत की चूक माझी, टीप होती, मी बघितली नाही. ते म्हणाले, आदमी गया, अब बात खत्म करो.

पंचेचाळीस वर्षांनी तुम्हाला हे पुस्तिकेत हवं होतं. "लिही," तुम्ही म्हणालात. "कागदावर टीप हुती. सुतारानं वाचली न्हाई. वाचल्यावर तीन दिस तोंड उघडलं न्हाई. गरीब बनवारी फुकट गेला." मी पेन खाली ठेवलं. कशाला मास्तर, म्हटलं, कोणाला आठवतंय? तुमच्या नातवंडांनी हे वाचायचं का? तुम्ही म्हणालात, "वाचू दे की. आजा कळू दे त्येंला. देव नगं." मी आवाज चढवला. तुमची आयुष्याची कमाई एका पानात घालवू नका, म्हटलं. श्रीकांतला मध्ये घातलं. तरी तुम्ही ऐकेनात, तेव्हा मी तीन मंगळवार फिरकलेच नाही. चौथ्या मंगळवारी तुम्ही दमून म्हणालात, "बरं बाई, पुढचं घे." मी पुढचं घेतलं.

हॉस्पिटलात शेवटच्या भेटीत तुम्ही मास्क बाजूला सारून विचारलंत, "सहावं घातलंस?" मी म्हटलं, घातलं. तुम्ही माझ्या हातावर थोपटलंत. "शाब्बास पोरी."

तर ऐका आता. कागदावर टीप नव्हती.

तुम्ही कागद नेलात तेव्हा नव्हती. चाकं बसत नाहीत म्हणून सगळे अंगणात बघायला धावले, मी पण धावले, आणि तिथे उभ्या उभ्या मला कळलं काय झालंय ते. मी परत आले. ऑफिसात कोणी नव्हतं. तुम्ही काम संपवून कागद माझ्या ड्रॉवरमध्ये परत ठेवला होता. मी तो काढला आणि त्याच पेन्सिलीनं, त्याच अक्षरात, कोपऱ्यात टीप लिहिली. अर्धं मिनिटसुद्धा लागलं नसेल. दुसऱ्या दिवशी तुम्ही आलात, म्हणालात, बघू गं तो कागद. मी दिला. तुम्ही वाचलंत आणि मला म्हणालात, "तू लिवलं हुतंस की गं. माझंच डोळं फुटलं." मी काय म्हणाले माहितेय? काहीच नाही. मान खाली घातली. तुम्हाला वाटलं, पोरगी मास्तरची लाज राखतेय.

नोकरी जाईल, ही भीती होती. पुन्हा आर. के. पुरमला जाऊन आईचं 'मी सांगत नव्हते?' ऐकावं लागेल, ही त्याहून मोठी. बनवारीला काढतील हे मला तेव्हा सुचलं नव्हतं. पण काढल्यावर तर कळलं ना? तेव्हाही मी बोलले नाही. तुम्ही निदान तीन दिवसांनी बोललात. मी पंचेचाळीस वर्षं बोलले नाही.

आणि तुम्ही! त्यानंतर तुम्ही प्रत्येक कागद दोनदा वाचायला लागलात. चारी कोपरे बोट फिरवून, पहिलीतल्या मुलासारखे. माझ्यासमोर. मला लग्नानंतर नोकरी सोडायला लावत होते, तेव्हा मॅनेजरांच्या केबिनमध्ये जाऊन तुम्ही भांडलात, मला ड्राफ्ट्समनचं टेबल मिळवून दिलंत. नवा कोणी आला की माझी ओळख करून द्यायचात, "ये कुंदा है. नोट लिखना कभी नहीं भूलती." अहो मास्तर, कितीदा म्हणालात ते! मी हसायची आणि चहा आणायला जायची. मला जे काही येतं ते तुमच्या हाताखाली आलं, माझा संसार त्या टेबलावर उभा राहिला, आणि ते टेबल मला मिळालं ते तुम्ही स्वतःला दोषी समजत होतात म्हणून. तुमचे उपकार मी मोजायला बसले तर मला स्वतःचीच शिसारी येते.

तुमचाही राग येतो, खोटं कशाला बोलू. तीन दिवस का थांबलात? पहिल्याच दिवशी ओरडला असतात तर कदाचित मीही घाबरून खरं बोलले असते. आणि पुस्तिकेच्या वेळी इतक्या लवकर का हार मानलीत? तीन मंगळवार काय, दहा मंगळवार मी आले नसते तरी तुम्ही हट्ट सोडायचा नव्हता. हे सगळं तुमच्यावर ढकलणं झालं, कळतंय मला. तरी बोलून घेते. भांडायला दुसरं कोण आहे?

तर परवा श्रीकांतला फोनवरच सगळं सांगितलं. समोरासमोर सांगायला हवं होतं, पण समोरासमोर मी पुन्हा कच खाल्ली असती. तो आधी म्हणाला, "आत्या, आता काय उपयोग?" मग वेगळ्याच आवाजात म्हणाला, "म्हणजे बाबांनी उगाचच? इतकी वर्षं?" मी हो म्हटलं. त्यानं फोन ठेवला. अजून केलेला नाही. करेल तेव्हा करेल. त्याचा राग रास्त आहे आणि मी तो घेणार आहे.

बनवारीचा पत्ता काकूंनी दिला. तुमच्या डायरीत 'ब' खाली होता, पलवलजवळच्या गावाचा, फोन नंबरासकट. तुम्ही त्याच्याशी संबंध ठेवून होतात हे मला ठाऊकच नव्हतं. काल सकाळी बल्लभगढपर्यंत मेट्रोनं गेले, पुढे शेअर ऑटो. मुलगा म्हणत होता, आई, शनिवारपर्यंत थांब, त्या दिवशी माझी मानेसरची शिफ्ट नाही, मी गाडीनं सोडतो. नको म्हटलं. या वयात मला कोणी धीर द्यायला बरोबर लागू नये.

बनवारी खाटेवर बसला होता. ओळखलं त्यानं. "ड्राइंग वाली बेटी," म्हणाला. सुनेनं ताक दिलं. मी ग्लास खाली ठेवला आणि उभी राहूनच सगळं सांगितलं, कारण बसले असते तर इकडच्यातिकडच्या गप्पांत शिरले असते. त्यानं मध्ये एकदाही अडवलं नाही. सांगून झाल्यावर विचारलं, "मास्टरजी को बताया था?"

"नहीं."

"बताना था." मग त्यानं समोर बोट दाखवलं. "यहाँ इसी आँगन में हाथ जोड़ के खड़े रहे थे वो. मैंने कहा, बैठो मास्टरजी, हो जाता है. बैठे नहीं. हर साल आते थे. हर साल वही बात." माझ्याकडे बघून म्हणाला, "आपको तो उनको बताना था."

मास्तर, मला रडू आलं, पण त्याच्यासमोर रडायचा मला अधिकार नव्हता. मी विचारलं, काढून टाकल्यावर काय केलंत? फरिदाबादच्या पट्ट्यातल्या कुठल्याच फाउंड्रीत त्याला टिकू दिलं नाही. माती सैल ठोकतो, हे त्याच्याआधी तिथे पोचायचं. दोन वर्षं हिंडला, मग गवंड्यांच्या हाताखाली गेला आणि तिथेच म्हातारा झाला. हे त्यानं दोन वाक्यांत सांगितलं, तक्रारीचा सूर न लावता. मी माफी मागितली. "लिखा क्या है, वो सुनाओ," म्हणाला.

मी पिशवीतून पान काढून वाचलं. माझी चूक, माझी टीप, सगळं होतं त्यात. एका ठिकाणी मी लिहिलं होतं, 'इसमें बेचारे बनवारी की नौकरी गई.' तिथे त्यानं हात वर केला.

"बेचारा काटो."

मी पेन काढलं.

"बेचारा नहीं था मैं. मोल्डर था. लालाजी की फाउंड्री में मेरे जैसा साँचा कोई नहीं बाँधता था, मास्टरजी से पूछ लो..." बोलता बोलता त्याच्या लक्षात आलं आणि तो थांबला. मग सावकाश म्हणाला, "लिखना है तो पहले ये लिखो. मिट्टी पक्की ठुकी थी. बाकी आप जानो, आपका काम जाने."

मी तिथेच, त्याच्या खाटेच्या कडेवर कागद ठेवून, ते पान पुन्हा लिहिलं. त्याला दोनदा वाचून दाखवलं. दुसऱ्यांदा ऐकून त्यानं नुसती मान हलवली आणि सुनेला म्हणाला, इनको रोटी खिला के भेजना.

आज सकाळी पान छापखान्यात देऊन आले. तुमचे तीन दिवस मी त्यातून काढलेले नाहीत. ते तुमचे आहेत, तुम्हालाच ते लिहायचे होते, आणि ते मी झाकले असते तर तुम्ही मला आयुष्यात माफ केलं नसतं. रविवारी शोकसभेत मी हे प्रकरण उभं राहून वाचणार आहे. श्रीकांत माझ्याशी बोलला तरी, न बोलला तरी. हिंदीत आहे, पण तुम्हाला मराठीत ऐकवते, म्हणजे तुम्ही म्हणायला नको की कुंदी पुन्हा खोटं बोलली.

'बनवारीनं माती पक्की ठोकली होती. सुतार मास्तरांनी कागद नीट वाचला होता. कागदावर टीप नव्हती. ती मी, कुंदा सबनीस, चाकं फुकट गेल्यावर लिहिली.'